पदवीनंतरचे भगिनीत्व : अमेरिकेतील कृष्णवर्णीय सोरोरिटींच्या पदवीधर शाखा

अमेरिकेतील महाविद्यालयांत ग्रीक मुळाक्षरांची नावे धारण करणाऱ्या विद्यार्थिनींच्या ज्या संघटना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वाढत गेल्या, त्यांना सोरोरिटी असे म्हणतात. दीक्षाविधी, गुप्त खुणा, ठरलेले रंग आणि आयुष्यभर टिकणारे सदस्यत्व ही या संघटनांची ठळक लक्षणे होत. इलिनॉय राज्यातील मॉनमथ महाविद्यालयात १८६७ मध्ये स्थापन झालेली आणि पुढे पाय बीटा फाय या नावाने ओळखली गेलेली संघटना किंवा १८७० ची कप्पा अल्फा थीटा ही या परंपरेतील आरंभीची उदाहरणे आहेत. या जुन्या, गोऱ्या विद्यार्थिनींच्या सोरोरिटींत प्रवेशाची वेळ बहुतेक ठरलेलीच असे. मुलगी महाविद्यालयात नव्याने आली की पहिल्या एक-दोन वर्षांत तिची निवड होई, आणि ती वेळ टळली की पदवी घेतलेल्या स्त्रीला पुढे आत घेण्याचे प्रसंग अपवादाने येत. कृष्णवर्णीय स्त्रियांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेल्या सोरोरिटींमध्ये मात्र पदवीनंतर, नोकरी-व्यवसायात स्थिरावल्यावर, कित्येकदा संसाराची अनेक वर्षे उलटून गेल्यावरही ‘पदवीधर शाखे’मार्फत रीतसर सदस्य होण्याचा मार्ग खुला राहिला. हा मार्ग मागाहून जोडलेली सवलत होती असा समज आढळतो, परंतु तो इतिहासाला धरून नाही. या संघटना टिकल्या, देशभर पसरल्या आणि समाजकार्यात उतरल्या त्या मुख्यतः पदवीधर स्त्रियांच्या बळावर, आणि त्याची कारणे त्या काळच्या वर्णभेदाच्या व्यवस्थेत शोधावी लागतात.

गोऱ्या सोरोरिटींच्या माजी विद्यार्थिनी निष्क्रिय होत्या असे यातून सूचित करायचे नाही. पाय बीटा फायने १९१२ मध्ये टेनेसी राज्यातील गॅटलिनबर्ग या डोंगराळ गावी शाळा काढली आणि ती दीर्घकाळ चालवली. तथापि या संघटनांचे केंद्र विद्यापीठाच्या आवारातील सोरोरिटीच्या घरात होते. माजी सदस्यांची मंडळे त्या घराच्या आधारासाठी होती. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत हे नाते जवळजवळ उलटे झाले.

ओहायोतील ओबर्लिन महाविद्यालयातून १८६२ मध्ये मेरी जेन पॅटरसन पदवीधर झाल्या, आणि अमेरिकेत बी. ए. झालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्याच महाविद्यालयातून १८८४ मध्ये मेरी चर्च टेरेल आणि अ‍ॅना ज्युलिया कूपर बाहेर पडल्या. विसावे शतक उजाडले तरी अशा स्त्रियांची संख्या फारच थोडी होती, आणि ज्या होत्या त्या निरनिराळ्या शहरांत एकट्या-दुकट्या विखुरलेल्या होत्या. पदवीधर स्त्रियांची राष्ट्रीय संघटना १८८१ मध्ये बोस्टन येथे स्थापन झाली होती (१९२१ मध्ये तिचे रूपांतर अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी विमेन या संस्थेत झाले); पण तिचे सदस्यत्व ठरावीक मान्यताप्राप्त महाविद्यालयांच्या पदवीधरांपुरते होते आणि कृष्णवर्णीयांची महाविद्यालये त्या यादीत नव्हती. परिणामी, वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीय पदवीधर स्त्रियांनी १९१० मध्ये स्वतःचा कॉलेज अ‍ॅलम्नी क्लब काढला, आणि त्यात मेरी चर्च टेरेल यांचा पुढाकार होता. पदवी हाती असूनही पदवीधरांच्या सभेत जागा नाही, हा अनुभव पुढील सगळ्या घडामोडींच्या मुळाशी आहे.

वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठ हे या इतिहासाचे उगमस्थान होय. यादवी युद्धानंतर, १८६७ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात १५ जानेवारी १९०८ रोजी अल्फा कप्पा अल्फा ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची पहिली ग्रीक अक्षरी सोरोरिटी जन्मास आली. तिची कल्पना एथेल हेजमन (विवाहानंतर लाइल) यांची होती. पुढे विद्यापीठाच्या स्त्री-अधिष्ठाता झालेल्या आणि १९१७ मध्ये कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत विजेत्या ठरलेल्या लुसी डिग्ज स्लो याही संस्थापकांपैकी होत. आरंभीची चार वर्षे ही संघटना विद्यापीठाच्या आवारापुरतीच मर्यादित होती. दरवर्षी मुली पदवी घेऊन बाहेर पडत, नव्या मुली आत येत, आणि संघटनेचे नाव, रंग, ध्येय यांवरचा शेवटचा शब्द त्या-त्या वर्षी वर्गात बसणाऱ्या विद्यार्थिनींचाच असे.

या व्यवस्थेतील उणीव १९१२ च्या शरद ऋतूत उघड झाली. तेव्हाच्या विद्यार्थिनी सदस्यांना संघटनेचे नाव, बोधचिन्हे आणि कार्याची दिशा बदलून ती अधिक राष्ट्रीय व अधिक सार्वजनिक करायची होती. त्याच वर्षी पदवी घेऊन शिक्षकी पेशात गेलेल्या माजी अध्यक्षा नेली क्वांडर यांना ही वार्ता समजली तेव्हा त्यांनी बदलास ठाम विरोध केला, आणि इतर पदवीधर सदस्यांना पत्रे लिहून संघटनेचे मूळ स्वरूप राखण्यासाठी पाठबळ गोळा केले. या वादाची हकिगत दोन्ही बाजूंनी थोड्या निराळ्या रीतीने सांगितली जाते. एका बाजूला तो निष्ठेचा प्रश्न वाटतो, दुसऱ्या बाजूला प्रगतीचा. घडले ते असे की २२ विद्यार्थिनींनी वेगळे होऊन १३ जानेवारी १९१३ रोजी डेल्टा सिग्मा थीटा ही नवी सोरोरिटी स्थापन केली, आणि क्वांडर यांनी नॉर्मा बॉइड आदी सहकाऱ्यांसह २९ जानेवारी १९१३ रोजी अल्फा कप्पा अल्फाची कायदेशीर नोंदणी करून तिला कायमस्वरूपी संस्थेचे रूप दिले. डेल्टाची नोंदणीही लगेच फेब्रुवारीत झाली. ३ मार्च १९१३ रोजी वॉशिंग्टनच्या रस्त्यांवरून स्त्रियांच्या मताधिकारासाठी जो भव्य मोर्चा निघाला त्यात डेल्टाच्या संस्थापिका चालल्या, आणि कृष्णवर्णीय स्त्रियांनी मागे राहावे अशी अपेक्षा असलेल्या वातावरणात त्यांनी हे धाडस केले याचे मोल कमी लेखता येणार नाही. पदवीधर शाखांच्या इतिहासात मात्र नोंदणीची घटना अधिक महत्त्वाची आहे. कारण संघटना कोणाची, आज वर्गात असणाऱ्यांची की जन्मभराच्या सर्व सदस्यांची, या प्रश्नाचे उत्तर त्या एका कायदेशीर कृतीने जन्मभराच्या सदस्यांच्या बाजूने दिले.

यानंतर पदवीधर शाखा निर्माण होणे क्रमप्राप्तच होते. त्या काळी महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीपुढे शिक्षकी पेशाशिवाय फारसे पर्याय नव्हते, आणि शिक्षिकेची जागा जिथे मिळेल तिथे, म्हणजे ज्या शहरात कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या शाळा होत्या तिथे, तिला जावे लागे. नव्या गावात तिला गोऱ्यांच्या वाचनमंडळात किंवा महिला मंडळात प्रवेश नसे, वसतिगृहात वा हॉटेलात खोली मिळत नसे, आणि दक्षिणेत तर रेल्वेच्या डब्यापासून पाणपोईपर्यंत सर्व काही वर्णानुसार विभागलेले होते. अशा ठिकाणी आपल्या सोरोरिटीच्या चार-सहा जणी भेटणे म्हणजे राहण्याची सोय, नोकरीची बातमी, आजारपणातील मदत आणि बरोबरीच्या स्त्रियांशी बोलण्याची जागा एकाच वेळी मिळणे होते. अल्फा कप्पा अल्फाची पहिली पदवीधर शाखा १९१८ मध्ये ओहायोतील क्लीव्हलँड शहरात स्थापन झाली आणि तिला अल्फा ओमेगा असे नाव दिले गेले. तेव्हापासून या सोरोरिटीच्या सर्व पदवीधर शाखांच्या नावाच्या शेवटी ग्रीक वर्णमालेतील अखेरचे अक्षर ओमेगा येते. डेल्टाने आपल्या पदवीधर शाखांना शहरांची नावे दिली. हॉवर्ड विद्यापीठातच १९२० मध्ये स्थापन झालेल्या झीटा फाय बीटाने नावाच्या शेवटी झीटा ठेवण्याची पद्धत स्वीकारली.

एकदा शहरागणिक पदवीधर शाखा उभ्या राहिल्यावर त्यांच्यापुढे असा प्रश्न आला की ज्या स्त्रियांना विद्यार्थिदशेत सदस्य होता आले नाही त्यांचे काय करावे. अशा स्त्रिया पुष्कळ होत्या. उत्तरेकडील गोऱ्यांच्या मोठ्या विद्यापीठांत कृष्णवर्णीय मुली इतक्या कमी असत की अनेक ठिकाणी शाखा काढण्यापुरती संख्याच जमत नसे. अनेक लहान कृष्णवर्णीय महाविद्यालयांत धर्मसंस्थांच्या चालकांना ग्रीक संघटना नको होत्या. कित्येक मुली दिवसा काम करून किंवा उन्हाळी वर्गांत थोडे-थोडे शिकून बऱ्याच वर्षांनी पदवी मिळवत, त्यांना आवारातील जीवन असे लाभतच नसे; आणि वर्गणी देण्याची ऐपत नसल्यामुळे मागे राहिलेल्यांचीही गणना करावी लागेल. यांपैकी कोणतीही उणीव त्या स्त्रीच्या योग्यतेची नव्हती. म्हणून पदवी, चारित्र्य आणि समाजकार्य पाहून तिला शहरातील पदवीधर शाखेने थेट दीक्षा द्यावी हा प्रघात रूढ झाला, आणि तो न्यायाचा होता.

इंडियाना राज्याच्या राजधानीत घडलेले उदाहरण तर याहूनही पुढचे आहे. इंडियानापोलिस येथे १२ नोव्हेंबर १९२२ रोजी सात तरुण शिक्षिकांनी सिग्मा गॅमा रो ही सोरोरिटी स्थापन केली. १९२० च्या दशकातील इंडियाना म्हणजे वर्णद्वेष्ट्या कू क्लक्स क्लॅन संघटनेचा बालेकिल्ला; १९२७ मध्ये शहरातील कृष्णवर्णीय मुलांसाठी क्रिस्पस अ‍ॅटक्स हायस्कूल हे वेगळे विद्यालय उघडण्यात आले, आणि ज्या बटलर विद्यापीठाशी या सोरोरिटीचे नाव जोडले जाते त्याने त्याच वर्षी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रवेश दरसाल १० पर्यंत मर्यादित केले. बटलरमधील अल्फा शाखेला सनद मिळून सिग्मा गॅमा रो महाविद्यालयीन सोरोरिटी म्हणून राष्ट्रीय पातळीवर उभी राहिली ती १९२९ च्या डिसेंबरअखेर. म्हणजे येथे नोकरी करणाऱ्या स्त्रिया आधी आल्या आणि विद्यार्थिनी नंतर. पुढे १९३० च्या मे महिन्यात हॉवर्ड विद्यापीठात नॅशनल पॅन-हेलेनिक कौन्सिल ही कृष्णवर्णीय ग्रीक संघटनांची शिखर परिषद स्थापन झाली.

पदवीधर स्त्रियांच्या हाती नेतृत्व गेल्याने संघटनांच्या कार्याचे स्वरूप बदलले. डेल्टाच्या पहिल्या राष्ट्रीय अध्यक्षा सेडी टॅनर मोसेल (विवाहानंतर अलेक्झांडर) यांना १९२१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने अर्थशास्त्रातील पीएच.डी. दिली, अर्थशास्त्रात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री. फिलाडेल्फियात त्यांना साजेसे काम मिळाले नाही, म्हणून नॉर्थ कॅरोलायनातील एका कृष्णवर्णीय विमा कंपनीत त्यांना जावे लागले, आणि पुढे त्यांनी कायद्याची पदवी घेतली. त्यांच्या कारकिर्दीत, १९२० मध्ये, डेल्टाने ‘मे सप्ताह’ सुरू केला. त्या आठवड्यात शाखा आपापल्या गावातील मुलींना महाविद्यालयात जाण्याचे महत्त्व पटवून देत. इतक्या मोठ्या विद्वत्तेनंतरही दारे बंद पाहिलेल्या स्त्रीने पुढच्या पिढीला शिक्षणाचाच आग्रह करावा, ही गोष्ट तिच्या विश्वासाची खोली दाखवते.

या सर्व कार्यांत मिसिसिपी राज्यातील आरोग्य प्रकल्पाइतके भरीव दुसरे काही सापडणे कठीण. त्याची सुरुवात अध्यापनातून झाली. अल्फा कप्पा अल्फाच्या तेव्हाच्या राष्ट्रीय अध्यक्षा आयडा लुईस जॅक्सन या कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरातील शाळांमध्ये नेमल्या गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय शिक्षिका होत्या. बर्कली येथील विद्यापीठात शिकत असताना त्यांच्या सोरोरिटीने वार्षिक अंकासाठी रीतसर शुल्क भरून छायाचित्र काढून घेतले होते, पण अंक हाती आला तेव्हा ते छायाचित्र त्यात नव्हते. अशा अपमानातून वाट काढलेल्या जॅक्सन यांनी १९३४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीतील होम्स परगण्यात लेक्सिंग्टन या गावी ग्रामीण शिक्षकांसाठी उन्हाळी शाळा भरवली. तिथे गेल्यावर ध्यानात आले की उपाशी, हिवतापाने आणि दातांच्या व्याधींनी बेजार, लसीचे नावही न ऐकलेली मुले शाळेत बसवून उपयोग नाही. आधी त्यांचे शरीर सावरायला हवे.

म्हणून १९३५ पासून १९४२ पर्यंत दर उन्हाळ्यात या सोरोरिटीने डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य आणि शिक्षिका यांचे पथक मिसिसिपीत पाठवले. पथकाच्या प्रमुख होत्या वॉशिंग्टनमधील प्रसूतितज्ज्ञ डॉ. डोरोथी बोल्डिंग फेरबी. वर्णभेदी रेल्वेप्रवास टाळण्यासाठी या स्त्रिया स्वतःच्या मोटारींतून शेकडो मैलांचा खडतर प्रवास करून पोचत. कापसाच्या मळ्यांचे गोरे मालक आपल्या कुळांना (म्हणजे पिकाचा वाटा देऊन जमीन कसणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना) उपचारासाठी गावात जाऊ देईनात, कारण बाहेरून आलेल्या शिकलेल्या स्त्रिया मजुरांना चिथावतील अशी त्यांना भीती होती. तेव्हा फेरबी यांनी दवाखानाच मळ्यांवर नेला: मोटारींत औषधे, लसी आणि उपकरणे भरून पथक मळ्यामागून मळा फिरू लागले, आणि काही ठिकाणी मालकाची माणसे पहाऱ्याला उभी असताना देवी व घटसर्पाच्या लसी टोचल्या गेल्या. पुढे काम बोलिव्हार परगण्यातही पसरले. हजारो मुलांना लसी मिळाल्या, आहार आणि स्वच्छतेची माहिती घरोघरी पोचली. हे सर्व खर्चाने आणि कष्टाने शक्य केले ते नोकरी करून वर्गणी भरणाऱ्या, शहरोशहरीच्या पदवीधर सदस्यांनी. सुट्टीच्या दिवसांत विनावेतन काम करणाऱ्या डॉक्टर व शिक्षिका परीक्षेच्या तयारीत असलेल्या विद्यार्थिनींतून मिळणे शक्यच नव्हते. पेट्रोल आणि टायर यांवर युद्धकाळात निर्बंध आले तेव्हा हा प्रकल्प थांबला. फेरबी १९३९ ते १९४१ या काळात सोरोरिटीच्या राष्ट्रीय अध्यक्षाही होत्या.

याच सुमारास राजकारणातही पाऊल पडले. नॉर्मा बॉइड यांच्या पुढाकाराने १९३८ मध्ये अल्फा कप्पा अल्फाने वॉशिंग्टनमध्ये कायद्यांवर लक्ष ठेवणारे, पक्षनिरपेक्ष असे कायमस्वरूपी कार्यालय उघडले, आणि १९४८ मध्ये त्याची जागा अनेक ग्रीक संघटनांनी मिळून स्थापन केलेल्या अमेरिकन कौन्सिल ऑन ह्यूमन राइट्स या संयुक्त संस्थेने घेतली. १९१३ च्या नोंदणीत क्वांडर यांच्यासोबत असलेल्याच या बॉइड. एका स्त्रीच्या सदस्यत्वाचा पल्ला किती लांब असू शकतो हे त्यावरून दिसते. डेल्टाने १९३७ मध्ये दक्षिणेतील ग्रंथालये नसलेल्या भागांत पुस्तके पोचवण्याचा प्रकल्प हाती घेतला. झीटा फाय बीटाची एक शाखा १९४८ मध्ये लायबेरियातील मनरोव्हिया येथे स्थापन झाली.

बाहेरच्या जगातील दारे मात्र तेव्हाही सहज उघडत नव्हती. मेरी चर्च टेरेल यांनी १९४६ मध्ये, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी विमेनच्या वॉशिंग्टन शाखेकडे पुन्हा सदस्यत्वासाठी अर्ज केला असता तो वर्णामुळे नाकारण्यात आला. प्रकरण न्यायालयात गेले, आणि शेवटी १९४९ मध्ये राष्ट्रीय संघटनेने आपली नियमावली बदलली. डेल्टाच्या सन्माननीय सदस्य म्हणून टेरेल यांचे नाव त्याआधी तीन दशकांहून अधिक काळ आदराने घेतले जात होते.

पदवीनंतर सदस्य झालेल्या स्त्रियांचे महत्त्व डोरोथी हाइट यांच्या चरित्रातून स्पष्ट होते. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयाने १९२९ मध्ये त्यांना प्रवेश देऊन नंतर परत पाठवले, कारण वर्षाला दोनच कृष्णवर्णीय मुली घेण्याचा तिथला अलिखित नियम आधीच पुरा झाला होता. म्हणून त्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठातून पदवी व पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. समाजकार्यात त्यांचे नाव झाल्यावर, १९३९ मध्ये त्या डेल्टाच्या सदस्य झाल्या, आणि अवघ्या आठ वर्षांत, १९४७ मध्ये, तिच्या राष्ट्रीय अध्यक्षपदी निवडून आल्या. १९५६ पर्यंतच्या त्यांच्या कार्यकाळातच १९५२ मध्ये त्यांनी काही महिने दिल्लीच्या समाजकार्य विद्यालयात अध्यापन केले, ही भारतीय वाचकाने नोंद घ्यावी अशी बाब आहे. विद्यार्थिदशेत सदस्य न झालेल्यांना दार बंद करणारा नियम डेल्टात असता, तर विसाव्या शतकातील तिचे सर्वांत प्रभावी नेतृत्व तिला लाभलेच नसते. त्यांच्या काळात कार्यकारी संचालक नेमल्या गेलेल्या पॅट्रिशिया रॉबर्ट्स हॅरिस पुढे १९७७ मध्ये अमेरिकेच्या मंत्रिमंडळातील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री मंत्री झाल्या.

आज पदवीधर शाखेत प्रवेश मिळवण्याची रीत काटेकोर आहे. इच्छुक स्त्रीकडे मान्यताप्राप्त पदवी असावी लागते, तिला ओळखणाऱ्या सदस्यांनी तिची शिफारस करावी लागते, समाजकार्याचे पुरावे द्यावे लागतात आणि अखेरचा निर्णय शाखेच्या सदस्यांचा असतो. शिवाय एका सोरोरिटीची दीक्षा घेतलेली स्त्री नॅशनल पॅन-हेलेनिक कौन्सिल या परिषदेतील दुसऱ्या सोरोरिटीत जाऊ शकत नाही, म्हणून निवड दोन्ही बाजूंनी आयुष्यभराची ठरते. विद्यार्थ्यांच्या सदस्यत्वापूर्वीच्या उमेदवारीच्या काळात होणारा छळ जीवघेणा ठरू लागल्यावर १९९० मध्ये परिषदेतील संघटनांनी दीर्घ उमेदवारीची जुनी पद्धत मोडीत काढली आणि थोड्या दिवसांची, नियमबद्ध प्रवेशप्रक्रिया आणली. तेव्हापासून विद्यार्थिनी म्हणून आलेल्या आणि पदवीनंतर आलेल्या सदस्यांतील एक जुना भेद, म्हणजे कोणी किती सोसले याचा हिशेब, नियमांतून तरी गेला. तो मनांतून पूर्ण गेला असे म्हणता येत नाही. परंतु छळ सोसणे ही निष्ठेची कसोटी होऊ शकत नाही, हे मान्य करायलाच हवे.

या संघटनांवर टीकाही झाली आहे आणि तिच्यात तथ्य आहे. समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांनी १९५० च्या दशकात कृष्णवर्णीय मध्यमवर्गावर लिहिलेल्या आपल्या ग्रंथात ग्रीक संघटनांतील दिखाऊ मेजवान्या आणि प्रतिष्ठेचा हव्यास यांवर कठोर प्रहार केले. गुप्ततेमुळे आणि मतदानाने होणाऱ्या निवडीमुळे लायक स्त्री कारण न कळताच नाकारली जाऊ शकते, हा दोषही नाकारता येणार नाही. पदवीधर शाखांनी वयाचे, महाविद्यालयाचे आणि आर्थिक स्थितीचे अडसर दूर केले तरी पदवीचा अडसर तसाच ठेवला, आणि ज्या धुणेवाल्या, स्वयंपाकिणी आणि मळ्यावरच्या मजूर स्त्रियांच्या पोटच्या पोरी शिकून सदस्य झाल्या त्या आया स्वतः बाहेरच राहिल्या. याबाबतीत झीटा फाय बीटाने अधिक मोकळे मन दाखवले: महाविद्यालयीन पदवी नसलेल्या, पण सोरोरिटीच्या कामात साथ देऊ इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठी तिने अमिकी नावाचे सहयोगी मंडळ उभारले, आणि ते आजही पदवीधर शाखांच्या सोबतीने काम करते.